तिसरं वर्ष तोडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की पुण्यात लहान मुलांच्या आईबापांना दुसरं काही सुचत नाही. कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, कुठे ऑनलाइन आहेत, कुठे पहाटे जाऊन उभं राहायचं, कुणाच्या ओळखीचं कोण आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री अकरापर्यंत हेच चालू असतं. मी कर्वेनगरला राहते, माझी धाकटी लेक पावणेपाच वर्षांची आहे आणि घराजवळच्या एका मॉन्टेसरी शाळेत जाते. तिच्या वर्गात तिच्या वयाची नऊ मुलं आहेत आणि त्यातल्या सहा जणांना त्यांचे आईबाप जूनमध्ये काढून मोठ्या शाळेच्या सीनियर केजीत घालणार आहेत. सगळी चांगली माणसं आहेत, मुलांवर जीव आहे त्यांचा, आणि मीही तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या मुलाच्या बाबतीत अगदी हेच केलं. म्हणूनच लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्याकडे मॉन्टेसरी हा शब्द कुठल्याही बालवाडीला लावतात. या नावावर कुणाचीच मालकी नाही त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं, आत भले बाक आणि वर्कशीट का असेनात. मूळ पद्धतीत मात्र तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात असतात, त्याच ताई, तीच खोली, तीन वर्षं. नर्सरी, ज्युनियर, सीनियर अशा भिंती नसतात. मारिया मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो नावाच्या गरीब कामगार वस्तीत त्यांनी पहिलं बालघर सुरू केलं तेव्हा तिथे आईबाप दिवसभर कामावर गेल्यावर मागे राहणारी सगळी लहान मुलं एकाच खोलीत होती, आणि ती एकमेकांकडून किती आणि कशी शिकतात हे त्यांनी तिथे बसून पाहिलं. म्हणजे वयं एकत्र ठेवणं हा या पद्धतीचा पाया आहे, ती सोयीसाठी केलेली तडजोड नाही.

हे सगळं मला पूर्वीही कुणीतरी सांगितलं होतं पण कानाआड केलं होतं. कळलं ते मागच्या महिन्यात, ताईंनी एक दिवस बोलावून कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर दोन तास बसवलं आणि म्हणाल्या, काही बोलू नका, नुसतं बघा, तेव्हा.

काय बघितलं ते सांगते. साडेनऊ वाजले होते, तीसेक मुलं असतील, प्रत्येकाची आपापली चटई आणि त्यावर आपापलं काम, आणि ताईंचा आवाज जवळजवळ नाहीच. एक अगदी लहान मुलगा, जेमतेम तीनचा, एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये राजगिरा ओतत होता, हात हलला आणि सगळा राजगिरा फरशीवर. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. ताई हलल्या नाहीत. पलीकडच्या चटईवरची पाच-सव्वापाच वर्षांची एक मुलगी स्वतःचं काम तसंच ठेवून उठली, भिंतीला लावलेला बुटका झाडू आणि सुपली घेऊन आली, आणि तिने स्वतः झाडलं नाही हो! तिने झाडू त्या लहान्याच्या हातात दिला, त्याचा हात धरून दोनदा कसं ओढायचं ते दाखवलं, सुपली धरून बसली, आणि तो शेवटचा दाणा भरेपर्यंत हलली नाही. मग उठून आपल्या चटईवर गेली. कुणी तिला शाब्बास म्हटलं नाही आणि तिने कुणाकडे पाहिलंही नाही.

घरी मी काय केलं असतं? आधी ओरडले असते, मग स्वतःच झाडून टाकलं असतं.

थोड्या वेळाने माझी लेक खरखरीत अक्षरांचा ट्रे घेऊन बसली. वाळूच्या कागदाची अक्षरं पाटीवर चिकटवलेली असतात, दोन बोटं फिरवायची आणि आवाज म्हणायचा, आपलं नेहमीचंच ग म भ न. तिच्यासमोर एक मोठा मुलगा होता, जूनमध्ये पहिलीत जाणारा. तो तिला म्हणाला, हा भ, हा म. मग म्हणाला, भ कुठला दाखव. मग बोट ठेवून विचारलं, हा कुठला? ताई नेमकं याच तीन पायऱ्यांनी शिकवतात, आधी नाव सांगायचं, मग ओळखायला लावायचं, मग आठवायला लावायचं. त्या मुलाने हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी त्याच चटईवर कुणीतरी त्याला असंच शिकवलं होतं. आणि लेक चुकली तेव्हा त्याने चूक म्हटलं नाही, नुसतं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एवढा धीर मला नाही.

या वर्गात प्रत्येक साहित्य एकेकच असतं, गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा एकच, भोकांत बसवायच्या लाकडी दट्ट्यांची पेटी हवी असेल आणि दुसऱ्याकडे असेल तर थांबायचं. मला आधी वाटायचं शाळा पैसे वाचवतेय. तसं नाहीये, ते मुद्दाम आहे. थांबलेलं मूल जवळ उभं राहून हात मागे बांधून बघतं, आणि बघता बघता निम्मं शिकून जातं.

आणि मग बँक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोनेरी मण्यांचं साहित्य असतं, एक सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेले दहा म्हणजे दशक, अशा दहा तारांचा चौकोन म्हणजे शतक आणि दहा चौकोनांचा ठोकळा म्हणजे हजार. तीन मुलं आपापली संख्या ट्रेमधून आणतात, सगळं एकत्र ओततात, आणि सुटे मणी दहा झाले की ते बँकेत, म्हणजे मण्यांचा साठा सांभाळणाऱ्या मुलाकडे, देऊन एक दशक घेऊन यायचं. हातचा म्हणजे काय हे आम्हाला पाठ करायला लावलं होतं, इथे तो हातचा खरोखर हातात धरून मुलगा खोली ओलांडून जातो. पण हा खेळ एकट्याने होत नाही. बँकवाला लागतो, तीन गिऱ्हाईकं लागतात, आणि ती सगळी पाच-साडेपाच वर्षांची, दोन वर्षं हाताने काम केलेली मुलं लागतात. हा सगळा तिसऱ्या वर्षाचा माल आहे. ती मुलं एप्रिलमध्ये निघून गेली तर पुढच्या वर्षी बँक उघडतच नाही आणि मागची लहान मुलं ती बघतही नाहीत.

माझा मोठा मुलगा याच वर्गात होता. दोन वर्षं झाल्यावर आम्ही त्याला काढला. कारण तेच, मोठ्या शाळेत जागा ज्युनियर-सीनियर केजीलाच भरतात, पहिलीला म्हणे दोन-चारच उरतात, आता नाही घेतली तर गेली. सगळे सांगत होते, सासूबाई, ऑफिसमधले, शेजारी. ताईंनी समजावलं होतं की दोन वर्षं त्याने घेतलंय, आता द्यायचं वर्ष आहे. मला ते छान छान बोलणं वाटलं. तो तेव्हा घरी येऊन सांगायचा, आई मी मोठा झालो की मला बँक मिळणार. मिळाली नाही. नव्या शाळेत सीनियर केजीत एक ते शंभर आकडे वर्षभर चौकटीत लिहीत होता, जे त्याला आधीच येत होतं. त्या शाळेने प्रवेशाच्या वेळी त्याला आत एकट्याला नेऊन काहीतरी लिहायला आणि म्हणायला लावलं होतं, आम्हाला बाहेर बसवून. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रवेशासाठी चाळणी लावायला मनाई आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, माहीत असतं तरी बोलले असते की नाही देव जाणे, इतके घाबरलो होतो आम्ही.

पण मला जे टोचतं ते लिहिण्याचं नाही. त्या एका वर्षात त्याचं वर्गातलं मोठेपणच गेलं. चाळीस मुलं, सगळी एकाच वयाची, कुणी कुणाला शिकवायचं नाही, शेजारच्याच्या वहीत बघितलं तर कॉपी. जो मुलगा घरी धाकटीच्या चपलेचा पट्टा लावून द्यायचा तो सहा महिन्यांत म्हणायला लागला की तिचं तिला करू दे, माझा पहिला नंबर येणारे. मूल वाईट झालं असं अजिबात नाही, गुणी आहे. पण आम्ही त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं आणि ते परत देता येत नाही, कारण पाच वर्षांचं वय एकदाच येतं.

मागच्या शनिवारी शाळेत पालकांचा दिवस होता. वर्षातून दोन-तीनदा असतो, चटया धुवायच्या, ट्रे घासायचे, बटणं लावायचा सराव करायच्या चौकटींची उसवलेली बटणं शिवायची, एका मुलाचे आजोबा सुतारकाम करायचे ते खुर्च्यांचे पाय ठोकून देतात, कुणी पोहे करून आणतं. आम्ही मोठ्यालाही नेला. तो साहित्याच्या कपाटापाशी बराच वेळ उभा होता, मग तुटलेल्या दहाच्या तारा घेऊन बसला आणि एकेक मणी मोजून ओवत राहिला, दीड तास. निघताना मला म्हणाला, मी बँक केलीच नाही ना गं कधी. आठ वर्षांचा मुलगा. मला काही बोलता आलं नाही.

काही जण म्हणतील हे सगळं पैसेवाल्यांचे लाड आहेत. फी जास्त असते हे खरंय, लाकडी साहित्य महाग असतं. पण आपल्या महाराष्ट्रातच ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हे सगळं बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी खडे, पानं, बिया, शिंपले घेऊन करून दाखवलंय. मुलं शाळेत येईनात तर ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी शब्द त्यातून आला. आणि आज आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत बघा, तीन ते सहाची सगळी मुलं एकत्रच बसतात. तिथे साहित्य कमी असेल, जागा लहान असेल, पण मोठी मुलगी लहान्याचं नाक पुसते, ताट पुढे सरकवते, गाणं चुकलं तर सांगते. महागडी फी घेणाऱ्या शाळा जे मोडतायत ते तिथे फुकट आहे. त्याला पैसे लागत नाहीत, मुलं वयाप्रमाणे कापून वेगळी न करण्याची अक्कल लागते.

वाड्यात वाढलेल्या माझ्या आईला यात काही नवल वाटत नाही. ती म्हणते आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात असंच होतं, धाकट्याला कडेवर घेऊनच खेळायचो. आता टू-बीएचकेत एकेक मूल, खाली खेळायला गेलं तरी क्लासप्रमाणे आणि वयाप्रमाणे बॅच. मग मुलाने आपल्यापेक्षा लहान माणसाशी वागायचं शिकायचं कुठे?

आता माझं म्हणणं. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, त्यातही तीन ते आठ वय हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीत प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे कागदावर घाई कुणालाच नाहीये. घाई आहे ती मोठ्या शाळांच्या जागा भरण्याच्या पद्धतीत. त्या शाळांच्या चालकांना हात जोडून विनंती आहे की पहिलीला खऱ्याखुऱ्या जागा राखून ठेवा, आणि किती ठेवल्या ते आधी जाहीर करा, म्हणजे आईबाप तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबायला घाबरणार नाहीत. आणि जे मॉन्टेसरीची पाटी लावून पालकांच्या दबावाखाली वर्ग तोडून ज्युनियर-सीनियर करतायत त्यांनी तसं करू नये, पालकांना त्या छोट्या खुर्चीवर दोन तास बसवावं. माझ्यावर त्या दोन तासांचा जेवढा परिणाम झाला तेवढा कुठल्याही माहितीपत्रकाचा झाला नव्हता. पालकांना काय सांगू, मी तर तुमच्यातलीच आहे. एवढंच की फॉर्म भरायच्या आधी एकदा वर्गात जाऊन बसा.

आम्ही या वेळी फॉर्म भरलेला नाही. मनात धाकधूक आहेच, पहिलीला जागा मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि सासूबाई अजून बोलत नाहीत नीट. लेकीला मात्र आत्ताच सांगून झालंय की जूनमध्ये बँकेत ती बसणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी तीन वर्षांची मुलं येतील, दारात रडतील, आईच्या ओढणीचा पदर सोडणार नाहीत. त्यांचा हात धरून आत न्यायला या वर्गात सध्या तरी तीनच मोठी मुलं उरणार आहेत. नऊ असू शकतात.

आपली,
एक पालक, कर्वेनगर, पुणे