आरसा जमिनीपासून अर्धा मीटर वर लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

माझ्या नव्या जिमची आखणी तुम्ही केलीत. त्याबद्दल फोनवर तुमचे आभार मानून झाले, पण मन भरलं नाही. शिवाय जे कोणी जिम काढायच्या तयारीत आहेत त्यांनीही हे वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

पहिल्या भेटीला मी मोबाइलमध्ये चाळीसएक फोटो घेऊन आलो होतो. काळ्या भिंती, लाल पट्टे, भिंतभर दंड फुगवलेले पहिलवान. ‘असंच करून द्या’ म्हणालो. तुम्ही सगळे फोटो शांतपणे बघितलेत आणि विचारलंत, ‘तुमच्या दारापर्यंत येऊन परत जाणारी माणसं किती असतील?’

जुन्या जागेत सहा वर्षं जिम चालवली. कोण आलं, कोणाची फी राहिली, सगळं वहीत होतं. परत गेलेल्यांची नोंद कुठेच नव्हती. चेहरे मात्र एकेक करून डोळ्यांसमोर आले. काचेतून आत बघून पुढे निघून जाणाऱ्या एक बाई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक काका, जे पायरीवर उभं राहून चौकशी करायचे, पण आत कधी आले नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘रोज येणारे कुठेही व्यायाम करतील. आपण यांच्यासाठी आखू या.’ पुढच्या पाच महिन्यांत तुम्ही जे जे केलंत ते या एका वाक्याला धरून होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बेंचचा दिवस मी विसरणार नाही. इलेक्ट्रिशियनने छतावर खडूने खुणा केल्या होत्या, प्रत्येक बेंचच्या बरोबर वर एक दिवा. कागदावर ते अगदी सरळ, नीटनेटकं दिसत होतं. तुम्ही धुळीने भरलेल्या हॉलमध्ये जुना बेंच ओढून घेतलात, त्यावर वर्तमानपत्र टाकलंत आणि सरळ आडव्या झालात. इलेक्ट्रिशियनला शिडीवरून पेटता दिवा धरायला लावलात. हातात रॉड असल्यासारखे दोन्ही हात वर केलेत, आणि उठून मला म्हणालात, ‘आता तुम्ही झोपा.’ प्रकाश थेट डोळ्यांत घुसला. इतकी वर्षं बेंच प्रेस मारताना मी डोळे का मिटतो याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. छातीवर वजन घेतलेल्या नवख्या माणसाला डोळे मिटावे लागणं किती धोक्याचं आहे, हे ट्रेनर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. खडूच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. आता दिव्यांच्या पट्ट्या बेंचच्या दोन्ही बाजूंना आहेत. व्यायामाच्या भागात ४००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग किती उबदार की पांढरा ते सांगणारं माप) स्वच्छ पांढरा उजेड, आणि स्ट्रेचिंगच्या कोपऱ्यात ३००० चा उबदार. त्या कोपऱ्यात आल्यावर लोक आपसूक हळू आवाजात बोलतात.

आरशांवरून आपलं वाजलं होतं. मला ते जमिनीपासून छतापर्यंत हवे होते. तुम्ही खालून ५० सेंटिमीटर जागा सोडायला लावलीत, कारण रॉडला लावायच्या मोठ्या ऑलिंपिक प्लेटचा, म्हणजे वजनाच्या चकतीचा, व्यास ४५ सेंटिमीटर असतो. भिंतीला टेकवलेली किंवा घरंगळत आलेली प्लेट मग काचेपर्यंत पोचतच नाही. जुन्या जागेत माझे दोन आरसे असेच फुटले होते आणि मी दोन्ही वेळा मुलांवर ओरडलो होतो. चूक मुलांची नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: दारासमोर आरसा नको म्हणालात. जो माणूस स्वतःच्या शरीराला लाजूनच आलाय, त्याला आत पाऊल टाकताच तेच शरीर कशाला दाखवायचं? आता दारातून आधी खिडकी दिसते आणि खिडकीखाली बसायचं बाकडं.

तीन मशिनं कमी करायला सांगितलीत तेव्हा, खरं सांगतो, मला राग आला होता. मोकळ्या जागेची फी कोण देणार, असंही मी बोललो. तुम्ही जमिनीवर चिकटपट्टी लावून दीड मीटरचा गोल आखलात आणि सांगितलंत की व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला एवढी जागा लागते. तो गोल आजही रिकामा आहे. काका काठी टेकत तिथूनच जातात.

आवाजाचंही तेच. रिकाम्या हॉलमध्ये तुम्ही टाळी वाजवलीत आणि ती बराच वेळ घुमत राहिली. काँक्रीट, काच, लोखंड, सगळ्यावरून आवाज परत येतो. त्यात ट्रेनरची सूचना विरून जाते आणि नवा माणूस दोनदा विचारायला लाजतो. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांची गोष्ट तुम्ही तेव्हा सांगितलीत. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहातला घुमणारा आवाज कमी करायचं काम त्यांच्याकडे आलं, तर ते रात्री-रात्री दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. आपण गाद्यांऐवजी छताला जाड फेल्टचे पडदे टांगले. वजनांच्या भागात जाड रबर घातलं. पहिल्याच आठवड्यात ट्रेनर म्हणाला, संध्याकाळी घसा दुखत नाही.

आता लोगो. दंड, डंबेल आणि ज्वाळा, तिन्ही मला एकाच चित्रात हवे होते. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. शेजारपाजारच्या पंधरा जिमचे लोगो नावं झाकून माझ्यापुढे ठेवलेत आणि ओळखायला सांगितलंत. एकही ओळखता आला नाही, आणि मी तर त्यांतल्या चार ठिकाणी व्यायाम केलेला होता! मग तुम्ही जिमचं नाव देवनागरीत लिहिलंत, शिरोरेषा दोन्ही बाजूंना थोडी लांबवलीत आणि टोकांना अगदी किंचित खाली वाकवलीत. चांगलं वजन चढवलेला रॉड उचलला की तो जसा वाकतो, तशी. ज्याने कधी रॉड धरलाय त्याला ती रेघ बघताच हातात वजन जाणवतं. ज्याने धरलेला नाही त्याला ते सुबक अक्षर वाटतं, त्याची भीती वाटत नाही. याहून चांगलं चिन्ह मला सुचलं नसतं आणि कोणी दाखवलंही नसतं.

रंगांच्या बाबतीत मी निऑन हिरव्यावर अडून बसलो होतो. तुम्ही तो छापून आणलात. स्क्रीनवर झगमगणारा रंग नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत मेलेल्या गवतासारखा उतरला होता. त्याच बैठकीत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं काम तुम्ही दाखवलंत. जर्मन डिझायनर ओटल आयखर यांनी तिथे फिकट निळा, हिरवा, नारिंगी असे रंग घेतले आणि नाझी काळाची आठवण नको म्हणून लाल मुद्दाम टाळला. खेळाचा जोर दाखवायला लाल-काळंच लागतं ही माझी समजूत तिथे सुटली. आपल्या भिंती आता वर फिकट आहेत आणि कमरेपर्यंत गडद निळ्या, धुता येणाऱ्या. हातांचे डाग तिथेच पडतात, हे पेंटरलाही पटलं.

आणि भिंतीवरची वाक्यं. ‘वेदनेशिवाय यश नाही’ वगैरे सगळी तुम्ही काढून टाकलीत. त्याऐवजी प्रत्येक मशिनवर सीट कशी लावायची ते दोन ओळींत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात. रॅकवर ‘वजन जागेवर ठेवा’च्या जागी ‘पुढच्याला उचलायला सोपं जाईल असं ठेवा’. एवढ्याशा बदलाने आमची बोलण्याची पद्धत बदलली. ट्रेनरही आता त्याच सुरात बोलतात.

काचेतून बघून निघून जाणाऱ्या त्या बाई गेल्या महिन्यात आत आल्या. आधी दहा मिनिटं खिडकीखालच्या बाकड्यावर नुसत्या बसल्या. मी जवळ गेलो नाही, तुम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, ‘बूट कुठे बदलायचे?’

तुमची मोजपट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. न्यायला या, आणि येताना व्यायामाचे बूट घेऊन या. तिसरा बेंच तुमच्यासाठी रिकामा ठेवतो.

तुमचा ऋणी,
जिमवाला भाऊ