चाळकेवाडीच्या पठारावरून

पुणे, १४ मे

प्रिय नंद्या,

फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान मधे तोंड घालता येणार नाही. शिवाय पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे वाचायला वेळही आहे.

तर रविवारी आम्ही सरडे बघायला चाळकेवाडीला जाऊन आलो. मी, विदुला आणि पक्या. पहाटे साडेतीनला निघालो, साताऱ्यात बोगद्याच्या अलीकडे चहा घेतला, ठोसेघर मागे टाकलं आणि सातच्या सुमारास पठारावर पोचलो. मे महिन्यात ते पठार किती भकास असतं ते तुला माहीतच आहे. वाळलेलं गवत, जांभ्याचे कातळ आणि डोक्यावर पवनचक्क्यांची घूं घूं. पावसाळ्यात इथेच गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि आता आमच्याशिवाय एक म्हैस.

पहिले दोन तास नुसते दगड उचलून खाली बघणं. तू शिकवलंस तसं पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली कोणी असेल तर दगडाची आड राहते. बघून झालं की होता तसाच ठेवायचा. चाळीसेक दगडांत दोन विंचू, एक गोम, मुंग्यांची अख्खी वसाहत. पक्या कंटाळून दगड नीट न ठेवता पुढे सरकायला लागला, तेव्हा विदुलाने त्याला असं झापलं की तुझी आठवण झाली.

आणि पुढचाच दगड त्याने उचलला तर फुरसं! जेमतेम फूटभर. मातीच्याच रंगाचं, डोक्यावर पाखराच्या पावलासारखी खूण. पळालं नाही. जागच्या जागी वेटोळी एकमेकांवर घासायला लागलं आणि तो आवाज आला, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा, पण न थांबणारा. घशातून नाही रे, खवल्यांतून. पक्याच्या हातात दगड तसाच. ‘ठेवू कुठे?’ एवढंच कुजबुजत म्हणाला. शेवटी दोन पावलं मागे येऊन बाजूला ठेवला, आणि ते सावकाश गवतात गेल्यावर मग जागेवर. त्यानंतर त्याने एकही दगड वाकडा ठेवला नाही.

पण आम्ही गेलो होतो सरड्यांसाठी. नऊच्या सुमारास उन्हं चटकायला लागली आणि एकेक नर दगडावर चढला. गळ्याखालचा कातड्याचा पंखा मिटलेला असताना हा प्राणी म्हणजे मातीचं ढेकूळ. मग मान वर करतो, आणि हनुवटीपासून पार पोटापर्यंत तो पंखा उघडतो. पुढे निळा, असा निळा की मोराने खाली बघावं, मधे काळा, मागे नारिंगी. उघड, मीट, उघड, मीट. दोन दगड सोडून दुसरा नर, तोही तेच. आणि जिच्यासाठी चाललंय ती मादी आपली मुंग्या वेचतेय.

याचं शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. २०१६ साली ही नवी प्रजाती म्हणून नोंदली गेली आणि प्रजातीगटाला नावच आपला मराठी शब्द दिला, ‘सरडा’. पक्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे आजी बरोबर होती.’

आता तुझ्या-माझ्या भांडणाचं, पवनचक्क्यांमुळे सरडे संपतील का याचं. एका चक्कीच्या पायथ्याशी मी पोटावर सरपटत एका नराच्या चार हातांवर गेलो, तरी तो हलला नाही. मी खूश, म्हटलं याने मला ओळखलं. विदुला म्हणाली, ‘तुला नाही ओळखलं, घारीला विसरलाय.’ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला, तो तिने वाचलाय. चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. म्हणून सरडे जास्त, त्यांची भीड चेपलेली, रक्तात ताणाचं संप्रेरकही कमी. पण अंगाने बारीक, आणि पंख्याचा रंगही जरा फिका.

आठवतंय ना, तू म्हणायचास, ‘पाती काय सरडे कापणार आहेत?’ आणि मी म्हणायचो की पठाराची वाट लागणार. सरडे वाढले, म्हणजे तू जिंकलास म्हणायचं का? मला तरी तसं वाटत नाही. पण चक्क्या आल्या की सरडे संपतील असं मी ठासून म्हणायचो, ते मात्र साफ चुकलं, हे लिहून देतो. हे पत्र जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

परतताना चक्क्या संपल्या तिथे मुद्दाम उतरलो. तिथला पहिलाच नर मी गाडीचं दार लावलं तेवढ्या आवाजाने गडप. वर तारेवर एक कापशी घार बसली होती, लाल डोळे खाली लावून. एका सरड्यावरून काही सिद्ध होत नाही, माहीत आहे.

प्लास्टर कधी निघतंय ते कळव. पाऊस सुरू झाला की हा पंख्यांचा खेळ आटोपतो, तेव्हा यंदाचं विसर. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास

ता. क. : कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा तुझ्यासाठीच घेतला होता. खंबाटकी उतरेपर्यंत पाव किलो राहिला. तो पाठवतोय.