थेरपिस्टच्या पगारात केस डिस्कशनचाही तास धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून थेरपी देते; ऑटिझम, सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांबरोबर काम करते. २ एप्रिलला ऑटिझम दिन आला की पेपरात मुलांबद्दल, पालकांबद्दल छापून येतं, यायलाच हवं, पण त्यांच्यासोबत रोज मॅटवर बसून काम करणाऱ्यांचं काय चाललंय हे फारसं कुठे येत नाही म्हणून हे पत्र.

मुलांचा त्रास होतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. पाच वर्षांचा मुलगा, बोलता येत नाही, रस्त्यावरच्या हॉर्नमुळे आधीच बिथरलेला, आत आल्या आल्या हाताला कडकडून चावतो. त्याला जे सहन होत नाहीये ते सांगायला दुसरा मार्गच नाहीये त्याच्याकडे, हे आम्हाला माहीत असतं. मग लाईट कमी करायचा, झोक्यावर बसवायचं, त्याला चालत असेल तर खांद्यांवर हळूहळू दाब द्यायचा, अर्धा वेळ शांत होण्यात जातो आणि उरलेल्या वेळात शर्टचं बटण लावायचा सराव. तो गेला की हाताला बर्फ लावायलाही सवड नाही कारण पुढचं मूल दारात उभं असतं. असे दिवसाला आठ-आठ सेशन, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे सेशनवर, म्हणजे मूल तापानं आलं नाही की थेरपिस्टचे पैसे गेले.

त्यात बाहेर आई विचारते, मॅडम शाळेत जायच्या आधी बोलेल ना हो? खोटी आशा दाखवता येत नाही आणि तिचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही. घरी तिला तुझ्याच लाडानं झालं असं ऐकवत असतात, ते सगळं ती आमच्याकडेच मोकळं करते, कुठे करणार दुसरीकडे? रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतो, बघा आज परत डोकं आपटतोय. झोप उडते ती इथे.

जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय, थकवा, कामापासून मन तुटणं आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. मग उपाय पण कामाच्या ठिकाणीच नको का करायला? सेंटरवाले म्हणतात मेडिटेशन करा, सुट्टी घ्या. करतो ना, पण सोमवारी परत तेच आठ सेशन.

खरा फरक पडतो तो सिनियरबरोबर बसून केस बोलल्यानं. आम्ही काही जणी शनिवारी संध्याकाळी एकीच्या घरी बसतो, मुलाचं नाव न घेता अडलेली केस मांडतो. एक स्पीच थेरपिस्ट रडतच आली होती, मुलगा काही केल्या प्रतिसाद देत नाही म्हणून, तर सिनियर ताईंनी आधी त्याचं ऐकू येणं परत तपासून घे म्हणून सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला, पुढे काय करायचं हे तरी कळलं. समुपदेशनाच्या क्षेत्रात याला सुपरव्हिजन म्हणतात आणि तिथे ते कामाचाच भाग धरतात. आम्ही ते स्वतःच्या सुट्टीत करतोय, आणि नुकत्याच पास झालेल्या मुलींना तर तेही मिळत नाही, त्या दोनेक वर्षांत फिल्ड सोडतात. मग मुलाला परत नवीन माणूस, नवा आवाज, परत पहिल्यापासून ओळख, आणि बदल न सोसणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं नुकसान आहे.

त्यामुळे सेंटरचालकांना कळकळीची विनंती, दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा आणि आठवड्याला एक तास केस डिस्कशनचा पगारात धरा, पण त्यासाठी पालकांची फी वाढवू नका, ते आधीच कर्ज काढून येतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या डीईआयसीमध्ये (मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रांमध्ये) तर फिजिओ, स्पीच, सायकॉलॉजिस्ट अशी टीम एका छताखाली असणं अपेक्षितच आहे, त्यामुळे तिथे वेगळा खर्चही फारसा नाही, महिन्यातून दोन दुपारी ओपीडी थोडी लवकर थांबवून टीमनं एकत्र बसायचं एवढा आदेश आरोग्य विभागानं काढला तरी सुरुवात होईल.

– एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नाशिक