गोळी ‘चालू ठेवा’, पण कधीपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाडांच्या ठिसूळपणावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. नाचणी, तीळ, कोवळं ऊन, सगळं पटलं. पण ज्यांचा डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीतला टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे २.५ च्याही खाली गेलाय, त्यांचं नुसत्या नाचणीवर भागत नाही. त्यांना औषध लागतं, आणि ते किती वर्षं घ्यायचं यावर लेखात एक ओळही नव्हती. आमच्याकडे आई आणि मामी, दोघींना याच प्रश्नाने गाठलं. एकीला औषध थांबवलं नाही म्हणून, दुसरीला थांबवलं म्हणून.

आईची अलेंड्रोनेट या हाडांच्या औषधाची ७० मिलिग्रॅमची गोळी दर गुरुवारी असायची. पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास चहा नाही आणि आडवंही व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. तो अर्धा तास ती अंगणात जास्वंदीची फुलं काढत घालवायची आणि दर पाच मिनिटांनी आतल्या घड्याळाकडे डोकवायची. नऊ वर्षं हे पथ्य तिने पाळलं. केसपेपरवर दर खेपेला दोनच शब्द: ‘चालू ठेवा’.

मग मांडी दुखू लागली. वय झालं, वात असेल, म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीचा एक्स-रे काढला, तर हाडाला बाहेरच्या अंगाने बारीक चीर! हे औषध हाडाची झीज रोखतं, पण त्याबरोबर हाडाची रोजची डागडुजीही मंदावते, आणि ते हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं. म्हणून धोका फार नसलेल्यांना साधारण पाच वर्षांनी फेरतपासणी करून काही काळ गोळीला सुट्टी देता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मांडीच्या या फ्रॅक्चरचा इशारा २०१० मध्येच दिला होता. आईच्या मांडीत आता सळई आहे.

हे ऐकून मामी घाबरल्या. त्यांना दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन होतं. पाच झाली होती, सहाव्याच्या वेळी त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि ‘आता बरं आहे, कशाला टोचून घ्या’ म्हणून राहूनच गेलं. या औषधाची गत गोळीच्या उलट आहे. ते हाडात साठत नाही. तारीख उलटली की असर उतरतो आणि थांबलेली झीज दुप्पट जोमाने सुरू होते. बंद करायचंच असेल तर त्यापाठोपाठ दुसरं औषध द्यावं लागतं, बहुतेकदा अलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड. मामींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षाच्या आत पाण्याची बादली उचलताना कळ आली. पाठीचे दोन मणके दबले होते. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, नुसती बादली.

हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नये, ही हात जोडून विनंती. मांडीची ती चीर क्वचित कुणाला होते. गरज असताना औषध न घेतल्याने खुबा मोडणाऱ्या बायका त्याहून कितीतरी जास्त. माझी तक्रार औषधांवर नाहीच, त्या ‘चालू ठेवा’वर आहे. लहान मुलांच्या लसीच्या कार्डावर पुढची तारीख असते, मग आजीच्या फाइलवर का नसावी? औषध कधी सुरू झालं, फेरविचार कधी, बंद केलं तर पुढे काय, आणि मांडी किंवा जांघ दुखली तर लगेच दाखवा. चार ओळी होतात. दात काढायच्या आधी दंतवैद्याला या औषधाबद्दल सांगायचं, ही पाचवी.

पुढच्या पुरवणीत एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून हे सविस्तर लिहवून घ्यावं. खाली नाचणीच्या लाडवांची कृती छापली तरी आमची हरकत नाही.

आपली,
एक वाचक, मिरज