बाबा, बॉयलर काढला

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, आधी तुझ्याशी बोलते. पाकीट बघून घाबरली असशील, तर घाबरू नकोस. आम्ही सगळे ठीक आहोत, ओमचा ताप कालच उतरला. हे पत्र बाबांना तूच वाचून दाखव. स्वतः वाचायचा हट्ट धरला तर दुपारचा चहा झाल्यावर दे, रिकाम्या पोटी नको.

बाबा, कोळशाचा बॉयलर काढला.

सोमवारी सकाळी आठला क्रेन आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेल, म्हणजे ते मोठं पिंप, ट्रेलरवर चढलं होतं आणि दिवेलागणीला शेड मोकळी झाली. बॉयलरवरचे नाना दिवसभर चहाच्या टपरीवर आपल्या कागदगिरणीकडे पाठ करून बसले होते. तुम्हाला हे त्यांच्या फोनवरून कळू नये म्हणून त्यांना मीच थांबायला सांगितलं आहे. त्यांच्यावर रागावू नका.

गेले तीन रविवार मी सहकारनगरला आले, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि न बोलता परत गेले. तुम्ही दर वेळी विचारलंत, "प्रेशर किती ठेवता?" आणि मी "साडेनऊ" म्हणत राहिले. तिसऱ्या रविवारी बॉयलर थंड होऊन आठवडा झाला होता. तुमच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. परतताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी उभी होती, तेव्हा ठरवलं की समोर बसून जमत नसेल तर लिहून सांगायचं.

आधी पैशांचं सांगते, कारण आईचा जीव तिथेच अडकेल. राहत्या घराला हात लावलेला नाही. कर्ज गिरणीच्या नावावर आहे आणि हप्ता कोळशाचं बिल वाचतं त्यातून जातो. नव्या बॉयलरला आता अडीच महिने झाले, तो नीट चालतोय हे बघून मगच जुना हलवला. भंगाराचे जे पैसे आले ते आईच्या नावावर ठेव म्हणून ठेवले आहेत. कशाच्या बदल्यात ते मी इथे लिहीत नाही. ९८ साली मी चौथीत होते, पण आईच्या मोकळ्या हातांकडे माझं लक्ष गेलं होतं.

बाबा, तुमच्या बॉयलरमध्ये खोट नव्हती. नळ्या पातळ झाल्या होत्या, गेल्या वर्षात दोन गेल्या, आणि इन्स्पेक्शनच्या वेळी हायड्रॉलिक टेस्टला माझ्या पोटात गोळा यायचा. पंचवीस वर्षांहून जास्त त्यानं चोवीस तास वाफ दिली. त्याच्या जिवावर मी शिकले, दादा शिकला, दीडशे घरांच्या चुली पेटल्या. त्याला कोणी नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही.

मी बॉयलरपासून सुरुवात केली नव्हती, हेही तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हीच म्हणायचात, जळण बदलण्याआधी वाफ वाचवा. म्हणून पहिलं वर्ष सगळं ओला कागद पिळणाऱ्या प्रेसवर घातलं. नवीन प्रेस बसवला, पाणी शोषणारे फेल्टचे पट्टे बदलले. आधी प्रेसमधून कागद बाहेर यायचा तेव्हा शंभर किलोत बेचाळीस किलो कागद आणि बाकी पाणी असायचं. आता सत्तेचाळीस किलो कागद असतो. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण प्रेसवर एक टक्का पाणी जास्त पिळलं की ड्रायरची साधारण चार टक्के वाफ वाचते, हा आडाखा मला तुम्हीच दिलात. दहावीच्या सुट्टीत ओला पंचा पिळून दाखवला होतात. "पिळायला मनगट लागतं, वाळवायला सरपण लागतं" म्हणाला होतात. बाबा, एका टन कागदाला सव्वादोन टन वाफ लागायची ती आता पावणेदोनच्या जरा वर आहे. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, सगळं परत बॉयलरच्या फीडच्या टाकीत येतं, एक थेंब गटारात जात नाही. पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी बसवले. पंख्याचा वेग वीस टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, हे आधी कागदावर मांडलं आणि मग मीटरवर बघितलं. एवढं सगळं झाल्यावरच छोटा बॉयलर पुरेल असं दिसलं आणि मी ऑर्डर दिली. तुमच्या सांगण्याच्या क्रमानंच गेले.

आता जळणाविषयी. तुमचं म्हणणं मला पाठ आहे, कारण दर वादात ते निघतं. बल्लारपूरला तुम्ही रिकव्हरीवर होतात. लाकडाचा निम्माच भाग लगदा होतो, उरलेलं ब्लॅक लिकरमध्ये, म्हणजे लगद्याच्या काळ्या पाण्यात, उतरतं, ते आटवून जाळायचं, त्याच्यावरच वाफ आणि वीज, शिवाय केमिकल परत. मोठ्या गिरण्या स्वतःचं जळण स्वतः तयार करतात, ते खरंच आहे. फिनलंडमध्ये एनेकोस्कीला २०१७ मध्ये सुरू झालेल्या गिरणीला रोजच्या चालण्यात कोळसा-तेल लागत नाही, आणि स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून जास्त वीज ती तयार करते. करूरजवळ तमिळनाडू न्यूजप्रिंटमध्ये बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, धुतलेल्या पाण्यातून बायोगॅस काढून चुन्याच्या भट्टीत जाळतात, हे तर तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलंत. पण बाबा, आपण रद्दीवाले. आपल्या पल्परमध्ये पुठ्ठा पडतो, त्यातलं जळण पहिल्या गिरणीनंच काढून घेतलेलं असतं. झाड आपण वाचवतो, पण वाफेसाठी बाहेरूनच आणावं लागतं. मग बाहेरून आणायचंच आहे तर खाणीतून कशाला आणायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

आपल्याकडे रोज जो पुठ्ठा येतो त्यातला किती पुण्याच्या बायकांनी डोक्यावरून वाहिलेला असतो हे तुम्ही मला लहानपणी गाठोडी दाखवून सांगितलंत. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हाच्या गोष्टी सांगताना तुमचा आवाज बदलायचा. "त्यांनी उन्हातान्हात वेचलेलं आपण धुरात घालवू नये" असं तुम्ही एकदा बोलून गेलात. तुम्हाला आठवणार नाही. मला आठवतं.

नवा बॉयलर ब्रिकेटवर, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या विटांवर, चालतो. शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, पऱ्हाटी, आणि हंगामात बगॅस मिळाला तर तो. दौंड-इंदापूरकडचे कारखाने बगॅस स्वतःच्याच वीजनिर्मितीला ठेवतात, त्यामुळे त्यावर विसंबून राहता येत नाही. दोन महिन्यांचा साठा शेडखाली ठेवला आहे, पावसाचा थेंब लागणार नाही अशी सोय केली आहे. पाचट घालून बघितलं, पण त्यातल्या पोटॅशनं राख वितळून ढेपा धरायला लागल्या, म्हणून ते थोडंच मिसळतो. नाना पहिल्या आठवड्यात म्हणाले, "ताई, ह्याची आग फार चंचल आहे." आता तेच पोरांना फीडर कसा धरायचा ते शिकवतात. नाना कुठेही जात नाहीत, कोणालाही काढलेलं नाही. कोळसा फोडणारे चौघे साठ्याच्या शेडवर आहेत. पगार तेवढाच, खोकला कमी.

खोकल्याचा विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकते. डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी तुम्हाला गिरणीत जायचं नाही म्हणून सांगितलं. तुमची छाती बॉयलरमुळे बिघडली असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. वय आहे, पुण्याची हवा आहे, तरुणपणीच्या विड्या आहेत. पण तुम्ही बाल्कनीत बसून पर्वतीकडे बघत असता आणि दर दोन तासांनी घड्याळ बघता, शिफ्ट बदलली असेल म्हणून, ते मला बघवत नाही. निर्णय घेताना कोळशाचे आकडे मी दहा वेळा मांडले, पण खरं कारण ते घड्याळ होतं.

छतावर सोलर घातलं आहे, तीनशे किलोवॉट. दिवसाला सरासरी बाराशे युनिट येतात. गिरणीला वीस हजार लागतात, तेव्हा त्यानं फार मोठा फरक पडतो असं मी म्हणणार नाही, आणि त्यातून वाफ तर मुळीच मिळत नाही. तरी पॅनेल लागत होते त्या दिवशी मला शिवाजीनगरची हातकागद संस्था आठवली. तिसरीत होते. तुम्ही मला टाकीशी नेलंत, चौकट माझ्या हातात दिलीत, तुमचे हात वरून. पाणी चाळणीतून निथळलं आणि त्यावर एकदम कागद दिसला. मग दोरीवर वाळत घातलेले कागद बघून मी विचारलं होतं, आपण का नाही असं वाळवत, इतका धूर कशाला? तुम्ही हसला नाहीत. गुडघ्यावर बसून समजावलंत की आपलं मशीन मिनिटाला सव्वाशे मीटर पळतं, त्याला ऊन कसं पुरेल. घरी येताना मला उसाचा रस पाजलात आणि चिपाडाच्या ढिगाकडे बघत म्हणालात, "ह्यात मात्र ऊन साठवलेलं आहे हं." तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. कोळशातलं ऊन कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, जाळलं की तो सगळा कार्बन नव्यानं हवेत जातो. टरफलांमधलं ऊन गेल्या पावसाळ्याच्या पिकाचं, आणि जळून जे हवेत गेलं ते पुढचं पीक परत घेतं. माझ्या सगळ्या प्रोजेक्ट रिपोर्टचं मूळ त्या रसवंतीत आहे, बाबा. तिथून तुम्ही मला आणलंत, मग आता माझ्यावर रागावू नका.

आता दोघांनी नीट ऐका.

बाबा, श्वासाचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, रोज. आई सांगते तेव्हा "भरली" म्हणून गप्प बसवू नका. तळजाईला पहाटे धुक्यात जायचं नाही, ऊन वर आल्यावर जा आणि चढावर थांबत जा. फ्लूची लस पुढच्या आठवड्यात दोघांनी घ्यायची आहे, मी वेळ घेतली आहे, गाडी पाठवते. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना केलेले चालतात. स्वयंपाकाच्या मावशींना एकादशीलासुद्धा सुट्टी देतेस आणि स्वतः उभी राहतेस, ते बंद कर. नेब्युलायझरचा मास्क जुना झाला आहे, नवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, निळ्या डब्यात आहे. लिफ्ट बंद असेल तर जिने चढू नका, खाली पेपर वाचत बसा, कोणीतरी येऊन चालू करतंच.

आणि एक काम आहे. ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

ड्रायरच्या सिलिंडरमधलं पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या सगळ्या ट्रॅपना आता सेन्सर बसवले आहेत, कुठला तुंबला, कुठला वाफ सोडतोय ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं. रीलजवळ स्कॅनर आहे, तो कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओल मोजत फिरतो. पण गेले दहा दिवस रील मागच्या काठाला ओलसर येतोय. स्कॅनर आठ टक्के ओल दाखवतो, कधी नऊ. सात नंबरच्या सिलिंडरचा ट्रॅप सेन्सरवर हिरवा आहे. आम्ही सिलिंडरमधलं पाणी उपसणारा सायफन बघितला, फेल्ट बघितलं, प्रेसचा लोड बघितला. काल मी तुमचा तो लांब लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक ट्रॅपवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. तुम्ही लावायचात तशीच. मला सुरसुर ऐकू आली, पण ती वाफेची की पाण्याची ते कळलं नाही. लहानपणी तुम्ही डोळे मिटून दोन सेकंदांत सांगायचात.

शनिवारी दहाला गाडी येईल. डॉक्टरांशी मी बोलले आहे, दोन तास, मास्क लावून, एवढी परवानगी आहे. ब्रिकेटची धूळ असते, म्हणून त्या शेडकडे जायचं नाही, मशीन हॉलमध्ये थेट ड्रायरच्या बाजूनं नेईन. खुर्ची ठेवली आहे. बॉयलरच्या मोकळ्या शेडवरून जायचं नसेल तर मागच्या फाटकानं आणीन. बघायचं असेल तर पुढून. तुम्ही सांगाल तसं.

आई, तूही ये. पंप, पाण्याची बाटली आणि बाबांची कानटोपी घे. जेवण करून आणू नकोस, नानांच्या घरून पिठलं-भाकरी येणार आहे, त्यांनी आधीच बजावून ठेवलंय.

तुमची,
मिनू