माझी वेणी घातलीस, त्याबद्दल

प्रिय ताई,

तुला मराठी वाचता येत नाही. भेटल्यावर मी वाचून अर्थ सांगेन. पण आधी हे माझ्या माणसांनी वाचावं, कारण तू केलंस ते खरं तर त्यांनी करायला हवं होतं.

वयाच्या ४९व्या वर्षी मी बाई म्हणून जगू लागले आणि बॉस्टनमधल्या ज्या मराठी घरांत इतकी वर्षं माझं पान मांडलं जायचं, तिथली बोलावणी थांबली. भांडलं कुणीच नाही, नुसते फोन उचलेनासे झाले. एका दवाखान्यात तर कागदावर नवं नाव असूनही भरल्या खोलीत जुन्या नावाने हाक मारली. तू शेजारी बसली होतीस. माझा चेहरा पाहिलास, काय झालं ते विचारलंस आणि काउंटरवर जाऊन सांगितलंस, "कागदावर आहे तेच नाव वाचा."

पुढे डॉक्टर, वकील, कोर्ट यांसाठी किती धावलीस ते लिहीत बसत नाही. मला त्या शनिवारबद्दल लिहायचंय. डॉर्चेस्टरच्या तुझ्या घरी मला खाली उशीवर बसवलंस आणि तू मागे सोफ्यावर. कंगव्याच्या टोकाने भांग पाडलास, टाळूला तेल चोळलंस आणि माझ्या विरळ, जेमतेम मानेपर्यंतच्या केसांच्या वेण्या घालू लागलीस. "मान हलवू नकोस," म्हणालीस. माझी आई शाळेआधी बहिणीच्या वेण्या अशाच घालायची आणि मी दारात उभी राहून बघायचे. मला तसं कुणी कधी बसवलंच नव्हतं. मी रडायला लागले. तू काही विचारलं नाहीस, पुढची बट हातात घेतलीस.

नोव्हेंबर १९९८ मध्ये इथेच ऑलस्टनला रिटा हेस्टर या तुझ्यासारख्याच कृष्णवर्णीय ट्रान्स बाईचा तिच्याच घरात खून झाला. तो आजही उलगडलेला नाही. मेल्यावरही वर्तमानपत्रांनी तिला पुरुषच म्हटलं. तिच्यामुळे सुरू झालेला, मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांचा २० नोव्हेंबरचा स्मृतिदिन आज देशोदेशी पाळतात. पण तेव्हा ती बातमी बघून तू लपवलेले कपडे कचऱ्यात टाकलेस आणि पुरुष म्हणून संसार करत राहिलीस, थेट ५३व्या वर्षापर्यंत. आधी कृष्णवर्णीय पुरुष म्हणून गाडी चालवताना पोलीस अडवतील ही धास्ती, आता बाई म्हणून रात्री बसस्टॉपवरून घरी चालत यायची. ज्या चर्चमध्ये आयुष्यभर गायलीस, तेही तुटलं. इतकं सोसूनही दुसऱ्याचं दुखणं तुला लगेच दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझे नातेवाईक म्हणतात, "काय बोलावं ते सुचत नव्हतं." तुला तर माझी भाषाही येत नव्हती, ताई.

यंदा गणपतीला माझ्याकडे ये. आरती येत नसली तरी टाळ वाजव. बाकीच्यांनाही बोलावलंय. जे येतील त्यांना सांगणार आहे, ही माझी मोठी बहीण.

तुझी धाकटी