ओवीच्या अर्जावर सही करा, बाबा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

सोबत ओवीचा सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज पाठवतेय. सगळा भरलाय. बाबांची सही जिथे जिथे हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे. बाबा, तुम्ही फोनवर नाही म्हणालात तरीही भरला. का भरला ते नीट सांगता यावं म्हणून लिहायला बसले. फोनवर तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई मधेच "जेवलीस का" विचारून विषय मिटवते.

"माझ्या भाचीची पोर आहे, तिच्या नावावर सरकारचे पैसे खाण्याइतका मी लाचार नाही," असं म्हणालात. तुम्हाला लाचार कोण म्हणेल, बाबा? सुमीताई गेली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले होते आणि तुम्ही ओवीचं दप्तर उचलून चालू लागलात. वसंतकाकासुद्धा आजवर त्यावर एक शब्द बोललेले नाहीत.

तुम्हाला आठवतं का, पोरींच्या उपस्थिती भत्त्याचे कागद तुम्ही शाळेतून घरी आणायचात? दिवसाला एक रुपया. रात्री जेवणं झाली की गठ्ठा सोडायचात, आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरच्या फोटोंना डिंक लावायचं काम माझं. बोटं चिकट झाली की तुमच्याच धोतराला पुसायचे, तुम्ही काही म्हणायचा नाहीत. वस्तीवरचा एखादा बाप "आम्हाला नको सरकारचं" म्हणाला की तुम्ही त्याला सांगायचात, "हा पैसा पोरीचा आहे, नको म्हणायचा हक्क तुला नाही." मी दारात उभी राहून ऐकलंय. तेच आज तुम्हाला सांगतेय. राग मानू नका, तुमच्याकडूनच शिकलेय.

आईवडील नसलेलं मूल संस्थेत न जाता नात्यातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या घरात वाढावं, म्हणून राज्य सरकार मुलामागे दरमहा ही मदत देतं. आधी 425 रुपये होते, मग 1100 झाले, 2023 मध्ये 2250 केले. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मुलाच्या खर्चाला मदत म्हणून, महिन्याला 4000 आहेत, पण खेड्यात वर्षाचं उत्पन्न 72,000 च्या आत लागतं. तुमची पेन्शन त्याच्या वर जाते, म्हणून तो नाद सोडला.

2250 मध्ये पोर वाढत नाही, हे मलाही कळतं. हप्तेही वेळेवर येत नाहीत, कधी कधी चार-चार महिने रखडतात, तेव्हा त्यावर महिन्याचा हिशेब मांडू नका. पण आई, तू गुडघ्याची गोळी एक दिवसाआड घेतेस आणि उरलेल्या पैशांत ओवीसाठी अर्धा लिटर दूध जास्त घेतेस, हे मला कळलंय. ओवीनेच सांगितलं, तिला रागावू नकोस, तिला वाटलं मी डॉक्टरांना सांगून गोळी स्वस्त करून देईन. मी पाठवते ते पैसे तर तुम्ही पासबुकात तसेच ठेवता, "पोरीच्या संसारातले" म्हणून. मग माझ्यापुढे दुसरा रस्ता कुठला होता? ओवीचे पैसे ओवीच्या दुधाला, चष्म्याला, वह्यांना लागतील आणि तुझी गोळी रोज तुझ्या पोटात जाईल.

तुझी भीती वेगळी आहे, तीही मला ठाऊक आहे. चौकशीला माणसं आली की पोर घेऊन जातील. नाही गं नेत. गृहभेटीला कोणीतरी येईल, ओवी कुठे झोपते, काय खाते, शाळेत जाते का ते बघेल, शेजारी दोन प्रश्न विचारेल. तो अहवाल बाल कल्याण समितीपुढे जातो. समिती ओवीशीही बोलेल. तिला काही पढवू नका, ती जे बोलते तेच बोलू दे. मुलाने कुटुंबातच राहावं, संस्था हा शेवटचा उपाय, असं 2015 चा बाल न्याय कायदाच म्हणतो. समितीने मंजुरी दिली की ओवी तुमच्याकडे राहते हे सरकारी कागदावर येईल. शाळेच्या दाखल्याच्या वेळी "तुम्ही हिचे कोण" म्हणून बाबांना तासभर उभं केलं होतं, ते मी विसरलेले नाही.

पुढचं ओवीचं कसं, हा विषय तुम्हाला नको असतो. मलाही नको आहे, आणि घाईही नाही, तुम्ही दोघं तिच्या लग्नात जेवणावळी उठवणार आहात. पण संजयचं आणि माझं ठरलंय की कधी गरज पडलीच तर ती आमच्याकडे येईल. एवढंच लिहिते.

आता ऐका. सुमीताईचा आणि भाऊजींचा मृत्यूचा दाखला कपाटातल्या निळ्या फाइलीत आहे. ओवीचं आधार, तुमचं आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. बोनाफाइड ओवीच्या बाईंकडे मागा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून लागेल, त्यासाठी सेतूत सकाळी लवकर जा, उन्हात उभे राहू नका. घरासमोर ओवी आणि तुम्ही दोघं असा एक फोटो लागतो. आई, त्या दिवशी ती विरलेली साडी नको, मी दिवाळीत आणलेली नेस. आणि गृहभेटीला येणाऱ्यांसाठी शिरा करत बसू नकोस, चहा पुरे.

साताऱ्याला अर्ज द्यायला जाताना एसटीनेच जा. बाबांना 75 पुढचा मोफत प्रवास आहे, आईला अर्धं तिकीट. अमृत योजना आली तेव्हा बाबा, कंडक्टरला आधार तुम्ही ताठ मानेने दाखवलंत, हेही तसंच. डबा बरोबर घ्या, बाहेरचं तिखट खाऊ नका. बीपीची गोळी निघण्याआधी. पोचपावती घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका, तिचा फोटो ओवीकडून मला पाठवा.

बाबा, तरीही मन होत नसेल तर रागाने अर्ज फाडू नका, मला फोन करा. मी रजा टाकून येईन आणि आपण तिघं बसून बोलू. पण माझं मत तेच राहील.

ओवीला पापा. तिच्या चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घ्या, फळ्यावरचं दिसत नाही म्हणत होती.

तुमची,
मीनू